अप्पांचा माऊस

ऑफिसने घरी पाठवलेल्या कॉम्प्युटरला पाच मिनिटं कोणी हात लावला नाही, की तो झोपायचा. नुसता पडदा काळा झाला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण तो झोपला की ऑफिसशी जोडलेली लाइन तुटायची. मग पुन्हा पासवर्ड, पुन्हा मोबाइलवर आलेला आकडा, आणि तेवढ्या वेळात माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होऊन बसायचा. पिवळा म्हणजे बाई जागेवर नाही. माझं काम विम्याचे क्लेम तपासायचं. हॉस्पिटलची बिलं, डिस्चार्जचे कागद, डॉक्टरांची ती अक्षरं, सगळं पडद्यावर वाचायचं. वाचताना माणूस माऊस हलवत नाही, डोळे हलवतो. डोळे हललेले त्या यंत्राला कळत नव्हते आणि आमच्या सुपरवायझरबाईंनाही कळत नव्हते.

घरून काम करायची परवानगी मला अप्पांमुळे मिळाली होती. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांना कंपवाताने धरलेलं, आई आधीच गेलेली, आणि मी एकटीच मुलगी, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. ऑफिस ऐरोलीला. पनवेलहून सकाळी निघून दिवेलागणीला परत यायचं, तर मधल्या वेळात अप्पांना बघणार कोण? विचुंब्याहून एक मावशी सकाळी यायच्या, अप्पांना आंघोळ घालायच्या, धुणं उरकून जायच्या. त्यानंतर घरात आम्ही दोघं आणि तो कॉम्प्युटर. पिवळे ठिपके फार दिसले तर परवानगी रद्द, हे सुपरवायझरबाईंनी मला अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. तेव्हापासून मला गोड आवाजाची धास्तीच बसली.

मग मी हात धुऊन त्या यंत्राच्या मागे लागले. पॉवरच्या सेटिंगमध्ये गेले, 'स्लीप'पुढे 'नेव्हर' निवडलं, सेव्ह केलं, स्वतःची पाठ थोपटून घेतली. तासाभरात आपोआप पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा 'नेव्हर', पुन्हा पाच मिनिटं. डेस्कटॉपच तो, भिंतीतल्या प्लगवर चालतो, त्याला ना बॅटरी ना काही, विजेचं बिल माझ्या नावावर येतं. मग वीज वाचवायची एवढी हौस कोणाला? हेल्पडेस्कला फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, वो सेटिंग ऊपर से आता है. आपके हाथ में कुछ नहीं है. मैं टिकट रेज कर देता हूँ." टिकट म्हणजे तक्रार नोंदवली गेली. त्यानंतर मी फोन केला की टिकट 'प्रोसेस में' असायचं. देवळात नारळ ठेवून यावं आणि विसरून जावं, तसं ते टिकट.

तरी माझा स्वभाव हार मानायचा नाही. स्क्रीनसेव्हर बंद केला. हायबरनेट बंद केलं. कुठे आत आत जाऊन, 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाच्या ओळीपुढची खूण सापडली, ती काढली. आणि त्या दुपारी चमत्कार झाला. स्वयंपाकघरात कुकर लावून, भाजी निवडून, फोडणी देऊन येते तर ठिपका हिरवागार. अप्पा टेबलाशी चहा घेत बसले होते, नेहमीसारखे खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका शोधत. समोर टॉवर उभे राहिल्यापासून तो सुळका दिसत नव्हता, तरी ते शोधायचे. मी त्यांना म्हटलं, "अप्पा, जिंकले बघा!" ते हसले. कशात जिंकले ते त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर पुन्हा झोपला. ती खूण मी काढलेलीच होती. मग मला वेडच लागायची पाळी आली. सकाळी झोपतो, दुपारी जागा राहतो, असं यंत्र असतं का कुठे? गरम झाल्यावर जागा राहतो म्हणावं, तर संध्याकाळी पुन्हा झोपायचा. शेवटी एका दुपारी मी खुर्चीच्या मागे उभी राहून नुसती बघत राहिले. अप्पांनी चहाचा कप ठेवला, उजवा हात टेबलावर आणला आणि आधाराला म्हणून माऊसवर ठेवला. हात थरथरत होता. पडद्यावरचा बाण थरथरत होता. ठिपका हिरवा.

मी कपाळावर हात मारून घेतला आणि दोघंही खूप हसलो. आमच्या घरात हसण्यासारखं बऱ्याच दिवसांनी काही घडलं होतं.

त्या हाताचा अप्पांना फार राग होता. लग्नाकार्यात ते त्याच्यावर बसायचे, अक्षरशः मांडीखाली घालून. जासईच्या कंटेनर यार्डात टॅली क्लार्क म्हणून त्यांचा जन्म गेला. उन्हात गेटवर उभं राहून कंटेनरचे नंबर टिपायचे. त्यांचं अक्षर बघून ड्रायव्हर लोक म्हणायचे, "साहेब, छापलंय का लिहिलंय?" त्याच हाताने आता आमटी तोंडापर्यंत पोचत नव्हती. आणि तो हात एकदम माझ्या उपयोगाला आला. मी बाजारातून दुसरा माऊस आणला, लांब वायरचा, आणि त्यांच्या खुर्चीच्या हाताला पाट बांधून त्यावर ठेवला. सकाळी मावशी गेल्या की अप्पा स्वतःहून म्हणायचे, "चल, ड्युटीवर बसव मला."

गंमत अशी, की एका यंत्राला दोन माऊस जोडले की बाण दोघांचं ऐकतो. मी एखाद्या बिलाच्या आकड्यावर बाण न्यावा तर तो लटलटत भलतीकडे जायचा. मग मी ओरडायचे, "अप्पा, उचला!" ते डाव्या हाताने उजवा हात उचलून धरायचे. "ठेवा!" म्हटलं की ठेवायचे. मी वाचत असले, स्वयंपाकघरात असले, की हात खाली. त्यांनी एकदाही चुकवलं नाही. अधूनमधून विचारायचे, "हिरवं आहे ना गं?" त्यांना मोतीबिंदूमुळे तो ठिपका दिसत नव्हता. मी म्हणायचे, "आहे." त्यांना बरं वाटायचं, आणि मलाही. वाईटही वाटायचं. बापाच्या आजारावर आपली नोकरी चालते, हे कुठेतरी टोचायचंच.

त्याच सुमारास डॉक्टरांनी गोळी बदलली. नवी गोळी चांगली निघाली. आठवडाभरात अप्पांचा हात शांत झाला. त्यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली, वरची सोडून सगळी. वाटीतली आमटी न सांडता प्यायले. मी शेजारीपाजारी सांगत सुटले. आणि पाटावरच्या माऊसवर तो हात निवांत पडून राहिला. ठिपके पिवळे व्हायला लागले. अप्पा मुद्दाम हलवायचा प्रयत्न करायचे, पण मुद्दाम हलवणं त्यांना जमायचं नाही, दोन मिनिटांत दमायचे आणि डुलकी लागायची.

सुपरवायझरबाईंचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरची अडचण मला समजते हो. पण वर मला उत्तर द्यावं लागतं. असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून तुम्हाला ऑफिसला यावं लागेल." मी हो हो म्हणत राहिले. अप्पा तिथेच बसले होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "मग मला कुठे ठेवणार?" मी म्हटलं, "काहीतरी बोलू नका. कुठेही ठेवत नाही." पण माझ्या आवाजातली भीती त्यांना कळली असणार.

थोड्याच दिवसांत थरथर परत आली. ठिपके हिरवे झाले. मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, आजार पुढे सरकतोय, डोस वाढवू. डोस वाढवला, थरथर वाढली. त्याबरोबर दुसरंही वाढलं. अप्पांचं अंग लाकडासारखं व्हायला लागलं. खुर्चीतून उठायला मला दोनदा ओढावं लागायचं. पाऊल उचलायचंच नाही, जमिनीला चिकटल्यासारखं. मी डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत होते. अप्पांना म्हटलं, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवू." ते घाईघाईने म्हणाले, "नको नको. हिरवं आहे ना?"

मग एका सकाळी ते बाथरूमच्या दारात पडले. मी कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकत होते. आवाज फार मोठा झाला नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं. मी रजा टाकून हॉस्पिटलमध्ये राहिले. मध्ये एकदा कपडे न्यायला घरी आले तेव्हा मावशी घर आवरत होत्या. कॉम्प्युटरला कापडी कव्हर होतं, आमच्या आधीच्या कॉम्प्युटरसाठी आईने जुन्या साडीचं शिवलेलं, झालर लावून, बाजूला माऊस ठेवायला खिसा. आमच्या घरात फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, तसं यालाही. दिवसा ते अप्पांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं असायचं. मावशींनी ते धुवायला घेतलं होतं.

"ताई, इकडं बगा," त्या म्हणाल्या. "खिशात गोळ्या हायत. आमी पाण्यात घालणार व्हतो, नशीब हात घातला."

त्यांनी ओंजळ पुढे केली. पिवळ्या, अर्ध्या तुटलेल्या, काही तोंडात विरघळून पुन्हा सुकलेल्या. मी ओळखल्या. सकाळी लॉगिनच्या घाईत मी गोळी अप्पांच्या तळहातावर ठेवायचे, पाण्याचा पेला द्यायचे आणि पडद्याकडे वळायचे.

"नाय म्हंजे, आजोबा घेतच नव्हते काय?" मावशींनी विचारलं. त्यांनी गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि कव्हर धुवायला नेलं.

हॉस्पिटलमध्ये मी अप्पांसमोर बसले. रागवायचं ठरवून गेले होते. मी त्यांना विचारलं, "गोळ्या का नाही घेतल्या?" ते छताकडे बघत म्हणाले, "घेतल्या की हात थांबतो. तुझं पिवळं होतं." मला राग आला, खूप आला, त्यांचा, ऑफिसचा, त्या ठिपक्याचा. पण कोणावर काढणार? मी बाहेर जाऊन रडले आणि परत येऊन त्यांना पेज भरवली.

घरी आणल्यावर अप्पा पलंगावरच. आता गोळी मी स्वतः कुटून, मधात कालवून, चमच्याने देते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही. रजा संपली, काम पुन्हा सुरू झालं, आणि हेल्पडेस्कच्या त्या मुलाचा फोन आला. "मॅडम, आपका टिकट पेंडिंग दिख रहा था. अभी कर दिया. एक टिक का काम था. अब आपका सिस्टम स्लीप में नहीं जाएगा." एवढंसं काम करायला त्याला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मग त्याने विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का. मी म्हटलं, नाही.

त्याने खरं सांगितलं होतं. आता मी तास न् तास वाचते, उठते, अप्पांची कूस बदलते, परत येते, ठिपका हिरवाच असतो. कोणी हात लावायची गरज उरलेली नाही.

हे मी अप्पांना सांगितलेलं नाही. सकाळी मावशी गेल्या की ते पलंगावरून म्हणतात, "ड्युटी." मी तो दुसरा माऊस त्यांच्या उजव्या हाताखाली ठेवते. त्याची वायर कुठेच जोडलेली नाही. उताणे पडलेले असतात, त्यामुळे स्वतःचा हात त्यांना दिसत नाही. गोळ्या वेळेवर पोटात जातात, हात शांत असतो.

काल त्यांनी विचारलं, "हात हलत नाहीये का गं? मला कळत नाही. पिवळं झालं असेल."

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो जराही हलत नव्हता.

"हलतोय की, अप्पा," मी म्हटलं. "चांगला हलतोय."