चौदा तास

“पोर पोचनी का?”

धुळ्याच्या एसटी स्टँडवर जळगावहून परत आलेल्या गाडीच्या कंडक्टरला अक्का हे विचारायच्या. विधवा बाई, एकुलती एक मुलगी, तीही जळगावला कॉलेजात. घरचं माणूस प्रवासाला निघालं की पोचल्याची खबर येईपर्यंत अक्का अन्नाला शिवत नसत. एक कंडक्टर तर गाडी थांबायच्या आत खिडकीतून ओरडायचा, “पोचली, अक्का! जेवा आता!”

मी त्यांच्या समोर राहायचो. शाळेत भूगोल शिकवायचो आणि त्याची मला भलती घमेंड होती.

लग्न होऊन मुलगी अमेरिकेला निघाली तशा अक्का माझ्याकडे आल्या. “मास्तर, इमानले कितला टाइम लागस?”

मी शाळेचा पृथ्वीगोल घरी आणला. मुंबईवर दोऱ्याचं टोक दाबलं, न्यूयॉर्कपर्यंत ताणलं. साडेबारा हजार किलोमीटर, भागिले नऊशे. “चौदा तास,” मी ऐटीत सांगितलं.

“मंग काय, एकादशीच शे!” अक्का हसल्या. पोचल्यावर मुलगी आमच्याकडे फोन करणार, असं ठरलं.

विमान पहाटे चारला सुटलं. दुपारी शाळेत मी माझा हिशेब मिरवला, तर इंग्रजीचे सर म्हणाले, “अहो, मध्ये लंडनला उतरायचं, विमान बदलायचं, ते कुठे धरलंत? उद्या सकाळशिवाय फोन नाही.”

तुम्ही म्हणाल, तडक जाऊन अक्कांना सांगायचं होतं. सांगायचंच होतं हो! पण मास्तर चुकला, हे गल्लीत कोणाच्या तोंडी नको होतं मला.

संध्याकाळी सहाला अक्का आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांना मधुमेह. सकाळची गोळी उपासामुळे चुकवली होती, जेवणाआधीची संध्याकाळची हातात होती.

“घेऊ का गोळी, मास्तर? येई ना आते फोन?”

“येईलच,” मी म्हणालो.

त्यांनी गोळी घेतली. फोन आला नाही. बायकोने ताट वाढलं, विनवण्या केल्या. अक्का हलल्या नाहीत. घटकाभराने उठायला गेल्या, तर साखर उतरून घेरी आली आणि ओट्यावरून खाली कोसळल्या. खुबा मोडला. सकाळी फोन वाजला तेव्हा त्या दवाखान्यात होत्या.

भेटायला येणारे मला बोलायचे, तर अक्का माझीच बाजू घ्यायच्या. “मास्तरना हिसाब बराबर शे. इमानच हयू चालनं.” चूक काय, तर विमान हळू चाललं! त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे त्यांना काठीशिवाय चालता आलं नाही, स्टँड सुटला. दुपारी मला कळलं होतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. रोज ठरवायचो. सहा वर्षं ठरवलं, मग त्या गेल्या.

तेरावं उरकून मुलगी परत निघाली, त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोने विचारलं, तर पोट बरं नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. “काका, पोचले. आता दुसरं कोणाला कळवू?”

फोन ठेवून मी समोर गेलो. दाराला कुलूप होतं. तरी बोललो,

“अक्का, पोर पोचली. जेवून घ्या.”