सी-व्ह्यूच्या बदल्यात सासूबाई

माझ्या सासूबाई न्यूझीलंडमध्ये एकदा हरवल्या होत्या, आणि ही गोष्ट सगळ्यांत शेवटी त्यांनाच कळली.

हरवल्या म्हणजे आमच्या घराजवळच्या बॉटनी डाउन्सच्या मॉलमध्ये वगैरे नव्हे. मॉलमध्ये हरवणं आमच्याकडे धरत नाहीत. सासरे दर शनिवारी तिथे हरवायचे आणि फूड कोर्टात सापडायचे. सासूबाई हरवल्या समुद्रकिनारी, ऐन जुलैच्या थंडीत, आणि त्यांना हरवण्याची सगळी व्यवस्था मी जातीने केली होती.

झालं असं, की २०१४ साली आमच्या घराच्या भिंतींत पाणी मुरतंय असं निष्पन्न झालं. बिल्डर आला, त्याने भिंतीला बोट लावलं, बोट आत गेलं. तो म्हणाला, "मेट, हिवाळाभर घर रिकामं करावं लागेल." हिवाळाच का? तर उन्हाळ्यात तो होडी घेऊन मासे पकडायला जातो! नेमके त्याच वेळी सासू-सासरे पुण्याचा उकाडा चुकवायला आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेले. उकाडा चुकला, यात वादच नाही.

सायली, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "एखादा छोटा फ्लॅट भाड्याने घेऊ या."

पण मी इंजिनिअर. सरळ उपाय सुचला की मला संशय येतो. ऑफिसमधला एक मित्र त्याची जुनी कॅरव्हॅन वापरायला देत होता. गाडीमागे जोडायची, थेम्स नावाच्या आखाताकाठी एका कॅम्पसाइटवर नेऊन लावायची, की झालं घर! ऑफिस तिथून तासाभरावर.

"समुद्रकिनारी हिवाळा, सायली! लोक यासाठी जगभरातून येतात."

"डिसेंबरात येतात," सायली म्हणाली.

एवढ्याशा तपशिलासाठी मी बेत बदलणार नव्हतो.

कॅरव्हॅन ही वस्तू ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रेल्वेच्या डब्याला मुडदूस झाला तर तो जसा दिसेल तसं ते प्रकरण असतं. जेवायचं टेबल रात्री पलंग होतं, पलंग सकाळी सोफा होतो, आणि कुणीतरी कपाटाचं दार उघडलं की बाकीच्यांना उभं राहावं लागतं. आम्ही पाच जण. मी, सायली, आमची मुलगी इरा आणि सासू-सासरे. संडास-बाथरूम बाहेर, वाऱ्यातून चालत जायचं. सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्या दिवशी आत डोकावून फक्त एवढंच विचारलं, "मंदारराव, बाकीचा भाग मागून येतोय का?"

सासूबाई मात्र एका शब्दाने तक्रार करत नसत. जावयाला बोलायचं नाही, अशी त्यांची जुनी शिस्त. त्या माझ्याकडे नुसतं बघत. साडी, साडीवर स्वेटर, स्वेटरवर माझं रेनजॅकेट, डोक्याला कानटोपी आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा वेशात त्या दाराशी उभ्या राहून बघायला लागल्या, की मला थंडीतही घाम फुटायचा.

शेजारी ग्रॅहम आणि शर्ली नावाचं सत्तरीतलं किवी जोडपं होतं. त्यांची कॅरव्हॅन हुबेहूब आमच्यासारखी. तीच कंपनी, तोच पांढरा रंग, तोच निळा पट्टा. फरक एवढाच, की त्यांची स्वच्छ होती. शर्लीची आणि सासूबाईंची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. शर्ली इंग्रजीत बोले, सासूबाई मराठीत, आणि एकमेकींचं सगळं पटे! सुना-जावयांबद्दल चाललेलं असावं.

माझं दुखणं वेगळंच होतं. सी-व्ह्यू, सी-व्ह्यू म्हणून मी सगळ्यांना इथे आणलं आणि आमच्या वाट्याला आलेल्या जागेवरून दिसायचा फक्त संडास. समुद्र दिसायचा तो ग्रॅहमच्या जागेवरून. त्यामुळे एका रविवारी जेव्हा ग्रॅहम म्हणाला, "मंदार, आज दुपारी आम्ही निघतोय. ते रापा गावाला, लेकाकडे. आमची जागा हवी तर घे," तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं.

अडचण एकच होती. त्याची कॅरव्हॅन हलल्याशिवाय माझी तिथे जाणार नाही, आणि त्याला तर निघण्याआधी अंघोळ करायची होती. तेव्हा असं ठरलं, की आधी मी आमची कॅरव्हॅन वाटेवर काढायची, त्याने आपली कॅरव्हॅन बाहेर काढून आमच्या मोकळ्या झालेल्या जागेवर लावायची, मी आमची त्याच्या जागेवर न्यायची, आणि मग तो सावकाश आवरून निघेल.

"स्वीट ॲज!" ग्रॅहम म्हणाला, म्हणजे किवी भाषेत 'झकास'.

"स्वीट ॲज!" मी म्हणालो. अशा वेळी मला आपण इथलेच असल्यासारखं वाटतं.

कॅरव्हॅन रिव्हर्स घेणं ही एक साधना आहे. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ती उजवीकडे जाते, आणि उजवीकडे वळवलं की कुंपणात. मी ती कुंपणात, कपडे वाळत घालायच्या दोरीत आणि एका परक्या माणसाच्या बार्बेक्यूत अशी क्रमाक्रमाने घालून शेवटी सी-व्ह्यूला आणली. खिडकीतून समुद्र दिसला! म्हणजे चिखल दिसला. ओहोटी होती. पण समुद्राचाच चिखल होता.

या सगळ्या काळात सासरे आणि इरा शिंपले वेचायला गेले होते, सायली लाँड्रीत होती, आणि सासूबाई अंघोळीला. आपण जागा बदलली आहे हे आईंना सायली सांगेल, असं मी गृहीत धरलं. मंदार सांगेल, असं सायलीने गृहीत धरलं. आमच्या संसाराची पद्धतच ती आहे.

थोड्या वेळाने ग्रॅहम अंघोळ करून आला, त्याने गाडी जोडली, शर्ली गाडीत बसली. गेट अरुंद. मला उत्साह फार. मी मागे उभा राहून दोन्ही हातांनी "कम, कम, कम, लेफ्ट, लेफ्ट, ब्यूटिफुल!" करत त्यांची कॅरव्हॅन गेटाबाहेर काढून दिली. दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. ग्रॅहमने हॉर्न वाजवला. फार गोड माणसं!

चहाच्या वेळेला सायलीने विचारलं, "आई कुठेय?"

"अंघोळीला गेल्यात ना?"

"मंदार, अंघोळीला जेवणानंतर गेली होती. आता अंधार पडायला आलाय!"

मी धावत बायकांच्या बाथरूमकडे गेलो आणि शिष्टाचार गुंडाळून आत "आई! आई!" अशा हाका मारल्या. टॉवेल गुंडाळलेली एक दणकट बाई बाहेर आली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "यू ओके, लव्ह?" चाळिशीतला माणूस आईसाठी रडतोय असा तिचा समज झाला असावा. फारसा चुकीचा नव्हता.

लाँड्रीत नाहीत. स्वयंपाकघरात नाहीत. रस्त्यापलीकडच्या डेअरीत, म्हणजे वाण्याच्या दुकानात, नाहीत. ("इंडियन लेडी? हूडमध्ये? नो, मेट.") सासरे आधी निवांत होते. "रागावून कुठेतरी बसली असेल. लोणावळ्यालाही बसली होती एकदा." तेवढ्यात इरा धावत आली.

"बाबा, देअर आर जँडल्स ऑन द बीच! जस्ट जँडल्स. नोबडी इज इन देम!"

आम्ही सगळे पळालो. शिंपल्यांच्या ढिगावर दोन जँडल्स नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. समोर करडं पाणी, भरती चढत चाललेली. सायलीने माझा दंड इतका घट्ट धरला, की बोटांचे वळ उठले. आणि सासरे, जे कॅरव्हॅनच्या पायरीवरूनही हात धरून उतरायचे, ते मोज्यांनिशी चिखलात शिरले आणि हाका मारायला लागले, "सुधा! ए सुधा!"

इरा हळूच म्हणाली, "आबा नेव्हर कॉल्स हर बाय नेम."

खरंच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही 'अगं'च्या पुढे काही ऐकलं नव्हतं. सी-व्ह्यूच काय, जगातला कुठलाच व्ह्यू नको असं मला वाटलं.

(जँडल्स एका पोहणाऱ्या माणसाच्या निघाल्या. तो जुलैत, टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून हौसेने पोहत होता. बाहेर आल्यावर त्याने त्याच्या चपलांभोवती रडणारं एक कुटुंब पाहिलं आणि फार चांगुलपणाने विचारलं, "पाहिजेत का?")

कॅम्पची मॅनेजर ट्रिश तोवर टॉर्च घेऊन आली. तिने पोलिसांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"अंगावर काय आहे?" पलीकडून प्रश्न आला. मी स्वेटरपासून कानटोपीपर्यंत सगळं सांगितलं.

"ऐकू येतं?"

"मशीन लावलं तर भरपूर. अंघोळीला जाताना काढून ठेवतात."

"दिसतं?"

"चष्मा लावला तर. अंघोळीनंतर काचांवर वाफ असते."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. "आणि तुम्ही त्यांना शेवटचं कुठे ठेवलं होतं?"

'ठेवलं' हा शब्द मला फार लागला. तेवढ्यात माझा खिसा थरथरला. ऑफिसने दिलेला माझा मोबाइल. त्यावर ग्रॅहम! ट्रिशचा फोन मी सायलीला दिला.

"मंदार, मेट," ग्रॅहमचा आवाज जरा विचित्र येत होता, "तुमचं काहीतरी आमच्या कॅरव्हॅनमध्ये राहिलंय, असं वाटतंय."

त्याच्याकडे आमची पाण्याची नळी उसनी गेलेली होती. मी घाईत. मी म्हणालो, "नो वरीज, ग्रॅहम! ठेवून घे! आमच्याकडे दुसरी आहे!"

मग ग्रॅहम हळू आवाजात म्हणाला, "मेट, इट्स युअर मदर-इन-लॉ."

फोन स्पीकरवर होता. सायलीने ऐकलं. सासऱ्यांनी ऐकलं. बहुधा पोलिसांनीही ऐकलं.

ते रापापर्यंतचा रस्ता लांब आहे, हे मला माहीत होतं. किती लांब आहे ते त्या दिवशी कळलं. सासरे माझ्या शेजारी ओल्या मोज्यांत बसले होते. मी हीटर त्यांच्या पायांकडे वळवला. त्यांनी तो बंद केला.

दूध कारखान्याचे दिवे दिसले, आणि त्यापुढे थोड्याच अंतरावर ग्रॅहमच्या लेकाचं घर. आत हीट पंप, म्हणजे खोली गरम करणारा एसी, सुरू, आणि मधल्या मोठ्या खुर्चीत, मांडीवर मांजर घेऊन, सासूबाई! समोर चहा. शर्ली शेजारी. सासऱ्यांनी दारातूनच "अगं, काय हे!" म्हटलं. सासूबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. "मोजे कशात बुडवलेत?" एवढंच म्हणाल्या, आणि ते मोजे स्वतः वाकून काढले. मी भिंतीवरच्या माशाच्या फोटोकडे बघत राहिलो.

हकिगत मग हळूहळू कळली. अंघोळ करून, वाफाळलेला चष्मा हातात घेऊन त्या नेहमीच्या जागी आल्या. पांढरी कॅरव्हॅन, निळा पट्टा. आत जाऊन पडद्यामागच्या पलंगावर आडव्या झाल्या.

"पण आई, आत गेल्यावर कळलं नाही?" सायलीने विचारलं.

"सगळं इतकं आवरलेलं होतं! म्हटलं, लेकीला अखेर वळण लागलं."

"आणि गाडी चालायला लागल्यावर?"

सासूबाईंनी पहिल्यांदाच थेट माझ्याकडे पाहिलं. जावयाला न बोलण्याची शिस्त मोडावी की नाही, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मोडली.

"जाग आली तेव्हा हलत होती. म्हटलं, मंदारराव पुन्हा पार्क करताहेत, मध्ये बोलून त्यांचं लक्ष कशाला घालवा! मग झोपले. पुन्हा जागी झाले तरी हलतच होती. खिडकीतून बघते तर गायी. म्हटलं, बरंच लांबून रिव्हर्स घ्यावं लागतंय."

खोलीत कुणीच हसलं नाही. सायलीने भाषांतर केल्यावर मात्र ग्रॅहमला ठसका लागला. घरी पोचल्यावर त्याने दुधाची बाटली काढायला कॅरव्हॅनचं दार उघडलं, तेव्हा त्या पांघरुणाची घडी घालत होत्या म्हणे. त्याला बघून त्यांनी ट्रिशकडून शिकलेलं माओरी अभिवादन "किया ओरा" म्हटलं आणि तो मागच्या मागे गवतावर बसला.

पुढचे निर्णय माझ्याशिवायच झाले. घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि त्यांनाही हीट पंप आहे, असं शर्लीने सांगितलं. शाळेला सुट्टी होतीच. इरा म्हणाली, "कॅन वी स्टे? प्लीज?" सायलीने नुसते बूट काढले. मला सोमवारी ऑफिस, आणि ते रापाहून रोज ये-जा काही जमणारी नव्हती. शिवाय कॅरव्हॅनची काळजी ती स्वतःची असल्यासारखी घेईन, असं मित्राला वचन दिलेलं. सासऱ्यांनी माझी पाठ थोपटली. "जा तुम्ही, मंदारराव. सी-व्ह्यू आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सी-व्ह्यूसमोर एकटाच ब्रेडला लोणचं लावून खात बसलो होतो. ट्रिश आली.

"किया ओरा, मंदार! मदर-इन-लॉ सापडल्या?"

"सापडल्या."

"वा! आणि बायको?"

"ती तिकडेच आहे."

"मुलगी? म्हातारबाबा?"

"तेही तिकडेच. आता इकडे यायला कुणी तयार नाही."

ट्रिशने माझ्याकडे पाहिलं, लोणच्याकडे पाहिलं, मागच्या रिकाम्या कॅरव्हॅनकडे पाहिलं आणि अत्यंत कनवाळूपणे विचारलं,

"पोलिसांना पुन्हा फोन करू का? या वेळी तुमच्यासाठी?"