देवीला बोललेलं वजन

शिंक येतेय असं वाटलं की मी आधी उशी शोधायची. उशी पोटाशी घट्ट दाबायची, डोळे मिटायचे आणि मग शिंकायचं. शिंक होऊन गेली की हळूच लुगड्यावरून हात फिरवून बघायचं, काही बाहेर आलं का. ऐंशी सालानंतरचं ते दीड वर्ष मी असंच काढलं. तोंडाने मी पहिल्यापासून फटकळ, त्यामुळे लोकांना वाटायचं, हिला कशाचं भेव नाही. पण त्या दिवसांत मला भांडतासुद्धा येत नव्हतं. ओरडायलाही पोटात बळ लागतं, हे मला तेव्हा कळलं.

झालं असं होतं की माझी मुलगी पोट फाडून झाली, आणि दोन वर्षांनी तो जुना व्रण आतून फाटला. उभी राहिले की पोटावर नारळाएवढा गोळा यायचा. नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं. घरी सोडताना डॉक्टर खाटेजवळ आले आणि म्हणाले, "बाई, टाके मी घातले, टिकवायचे तुम्ही. हे वजन असंच राहिलं तर आतून पुन्हा उसवेल, आणि तिसऱ्यांदा हे पोट उघडायची माझी हिंमत नाही." माझं वजन तेव्हा अठ्ठ्याण्णव किलो. उपाशी राहू नका, जखम भरायची नाही, हळूहळू उतरवा, असंही ते म्हणाले. पण मला ऐकू आलं ते फक्त तिसऱ्यांदाचं. मुलगी दोन वर्षांची होती. तिला सावत्र आई आली तर ती कशी असेल, याचाच विचार मी नागपूरहून पवनीला घरी येईपर्यंत मोटारीत बसून करत होते.

धानाच्या मुलखात भात सोडायचा म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, आणि पाहुणा आला तर पुन्हा भात. मला मात्र ज्वारीची भाकर, लाखोळीच्या पाल्याची भाजी, पातळ वरण आणि ताक. बाकीचे भात कालवायचे आणि मी तोंड फिरवून भाकर चावत बसायची.

वजन करायला घरात दुसरं साधन नव्हतं. आमचं धान खरेदीचं दुकान, तिथला पोती मोजायचा काटा. दुपारी हमाल जेवायला गेले की नवरा दुकानाचं अर्धं दार लोटायचा आणि मला काट्यावर उभं करायचा. मग दांडीवरचं वजन सरकवत सरकवत, धानाचा भाव पडल्याची बातमी द्यावी तशा आवाजात आकडा सांगायचा. पहिल्या महिन्यात किलोभर उतरलं. पुढच्या महिन्यात तेवढंच राहिलं. त्यानंतर तर चक्क थोडं वाढलं. रोग हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात. माझी मुंगी तर वाटेतच बसून राहिली होती. काट्यावरून उतरले आणि तिथेच पोत्यावर बसून रडले. रडतानाही पोट धरून.

बाहेर वेगळीच तऱ्हा. आमच्याकडे तेव्हा कुणी आपणहून बारीक होत नसे. बारीक होणं म्हणजे एकतर रोग, नाहीतर घरचा जाच. किलोभर उतरलं तरी शेजारणी दारात थांबून विचारायच्या, "काहून वं बाई, सुकून राहिली?" एकीने तर आईला बाजूला घेऊन सांगितलं की, अशीच सुकत सुकत तिची जाऊ गेली.

आई ऑपरेशनपासून माझ्याकडेच होती. आसगावहून एक पिशवी घेऊन आली आणि माझी चूल ताब्यात घेतली. काडीसारखी बाई, पण हात भारी चालायचा. तिच्या हातची ज्वारीची भाकर इतकी मऊ व्हायची की भाताचं दुःख थोडं कमी व्हायचं. मी तिला म्हणायचीसुद्धा, अशी भाकर मला जन्मात जमली नाही.

एका दुपारी मुलीला पाणी द्यायला उठले. आई परातीत पीठ मळत होती. बाजूच्या वाटीत लिंबाएवढा लोण्याचा गोळा होता, तो तिने पिठात टाकला आणि मळायला लागली. शेजारी माझं ताक, तेही साय न काढलेल्या दुधाचं. दोन महिने मी मन मारून खात होते आणि वजन जागचं हलत नव्हतं, ते असं. माझं डोकं फिरलं. उशी-बिशी विसरले. तू माझी आई आहेस की वैरीण, असं काहीबाही बोलले. मला मारायलाच आली आहेस असंही बोलले.

तिने हात थांबवले नाहीत. खाली बघतच म्हणाली, "तू आप्रेशनले आतमंदी होती तवा मी देवीले बोलली. पोरगी जिती आली त तिच्या भारंभार गूळ तोलीन. त्या दिवशी तू अठ्ठ्याण्णव होती. आता कमी झाली त बाकीचं देवी कशातून घेईल?"

मी हसणार होते. हसू आलंही ओठांपर्यंत. पण ती पुढे माझ्या भावाचं बोलली आणि हसू जागीच मेलं. माझा थोरला भाऊ लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हा आईने देवीला चांदीचे डोळे बोलले होते. तो बरा झाला. बाप म्हणाला, या पिकाला नको, पुढच्या पिकाला देऊ. पुढचं पीक यायच्या आत पावसाळ्यात तो गावच्या तळ्यात गेला. हे मला ठाऊक होतं, पण त्याची आणि डोळ्यांची गाठ आईच्या मनात अशी घट्ट बसली असेल, हे ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी मी किलोभर उतरले की देवीचं किलोभर थकत होतं.

मग नवस आताच फेडून टाकू, असं नवरा म्हणाला. पण तराजूच्या पारड्यात मांडी घालून बसायचं, पारडं हिंदकळणार. डॉक्टरांनी वर्षभर तरी असलं काही करायचं नाही म्हणून बजावलं होतं. इकडे आड तिकडे विहीर. वाढले तर टाके जाणार, उतरले तर देवी कोपणार. मी शिकलेली, सातवीपर्यंत का होईना, अशा गोष्टींवर तोंड वाजवणारी. पण खोटं कशाला सांगू, आईच्या मनातलं भेव मलाही लागलं.

त्या दिवसापासून भाकर मी माझ्या हाताने थापायला लागले.  चार दिवसांनी आई पिशवी उचलून आसगावला गेली. माझी भाकर कडक व्हायची, दाढेला लागायची. वजन पुन्हा उतरायला लागलं, तेही मुंगीच्याच पावलानं. काट्यावर आकडा खाली आला की नवऱ्याचा चेहरा खुलायचा, आणि मला आधी बरं वाटायचं, मग लगेच देवीचं थकलेलं आठवायचं. मुलीला साधी सर्दी झाली तरी मी मनात हिशेब करायची, या महिन्यात मी किती उतरले होते. पुष्कळदा वाटलं, सोडून द्यावं, भात कालवावा आणि जे व्हायचं ते होऊ द्यावं. दोनदा कालवलाही. तिसऱ्या घासाला मुलगी मांडीवर येऊन बसली आणि मी ताट सारलं.

दीड वर्षाने डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि बसायला हरकत नाही म्हणाले. मी त्र्याऐंशी किलोंवर आले होते. आईला निरोप धाडला. ती गुळाच्या भेल्या घेऊन बैलगाडीने आली, बरोबर अठ्ठ्याण्णव किलोंच्या, एक भेलीही कमी नाही. घाटावरच्या देवीच्या देवळात आमच्याच दुकानचा मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात गूळ रचला, दुसऱ्यात मी बसले, पोटावर हात धरून. गुळाचं पारडं जमिनीला टेकलं आणि मी वर गेले.

वरून मला आईचा चेहरा दिसला. असा चेहरा मी तिचा एकदाच पाहिला होता, तळ्याच्या पाळीवर. पुजारी म्हणाला, "पारडी बरोबर व्हावी लागतात. गुळाच्या भेल्या काढा थोड्या." आई म्हणाली, बोललेलं काढता येत नाही. पुजारी म्हणाला, मग तोल कसा होणार.  

तेव्हा आई माझ्या पारड्याजवळ आली. डोक्यावरचा पदर नीट करते आहे असं दाखवत तिने तो पारड्याच्या कडेवर सोडला, आणि त्याखालून दोन्ही हातांनी साखळी धरून अंगाचा सगळा भार टाकला. माझं पारडं हळूहळू खाली आलं. काटा मध्यावर थांबला. पुजारी देवीकडे तोंड करून मंत्र म्हणायला लागला. आईच्या कपाळावर घाम आला होता.

"आई," मी अगदी हळू म्हटलं, "देवी पाहून राहिली ना."

"पाहू दे," ती म्हणाली. "तू कमी होत राह्य."

आणि तोल झाला म्हणून पुजाऱ्याचं फूल पारड्यात पडेपर्यंत तिने साखळी सोडली नाही.