त्याची बॅट घरी आणली तो शनिवार

अकरावीत असताना एका शनिवारी दुपारी मी क्लास सुटल्यावर बॅटरीच्या स्कूटीवरून घरी निघाले होते. त्र्यंबक रोडला, आयटीआयच्या सिग्नलच्या अलीकडे, आमच्या शेजारचा मुलगा चहाच्या टपरीपाशी उभा दिसला. त्याने हात केला, मी थांबले. त्याच्या खांद्याला क्रिकेटच्या बॅटचं काळं कव्हर होतं.

"एवढं घरी घेऊन जा ना. मला दुसरीकडे जायचंय."

"काकूंकडे देऊ?"

"नको, आईला नको. तुझ्याकडेच ठेव. संध्याकाळी येऊन घेतो."

सातपूरला त्याचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून आहे. तो माझ्याच वयाचा. मला सायकल त्यानेच शिकवली, आणि सहावीपासून मी त्याला राखी बांधते. त्याचे वडील ट्रकवर असतात, महिन्यातून दोनदा घरी येतात. दहावीनंतर त्याचं कॉलेजला जाणं कमी झालं होतं. चौकातल्या एका भाऊच्या वाढदिवसाच्या बॅनरवर, खालच्या रांगेत, गॉगल घातलेला त्याचा फोटो लागला होता. तो पाहून मी त्याला खूप चिडवलं होतं. तेव्हा मला त्यात हसण्यासारखंच दिसलं.

कव्हर पायापाशी आडवं ठेवून मी निघाले. पुढे नाकाबंदी होती. पोलीस मुलांच्या गाड्या बाजूला घेऊन डिक्या उघडून बघत होते. एका पोलिसाने मलाही थांबवलं.

"लायसन?"

"बॅटरीची आहे काका, लागत नाही."

त्याने कव्हरकडे पाहिलं. "तू खेळतेस?"

"भावाची बॅट आहे."

"जा. हेल्मेट घालत जा, बेटा."

घरी कुणी नव्हतं. आई दोन दिवसांसाठी ओझरला मावशीकडे गेली होती आणि पप्पांची पहिली शिफ्ट सुटायला वेळ होता. मी कव्हर दाराच्या मागे भिंतीला टेकवलं आणि हातपाय धुवायला गेले. बाहेर ते घसरून फरशीवर पडलं. बॅट पडल्यावर तसा आवाज येत नाही. लोखंडाचा आवाज होता, आणि एकदा नाही, दोनदा आला.

मी चेन उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन कोयते होते. कोरे, चकचकीत. मुठींना काळी टेप गुंडाळली होती, एकावर एक बरोबर अर्धा पदर घेत, आणि टोक आत खोचलेलं. बॅटच्या मुठीला टेप लावताना तो अशीच लावायचा. ती टेप पाहिल्यावर त्याला माहीत नसेल, कुणीतरी त्याला फसवलं असेल, असं म्हणायला मला जागाच राहिली नाही.

ओढणीने मी चेन पुसली, मग ओढणीवर काही लागलं का ते बघितलं, मग आपण हे काय करतोय ते कळेना. त्या पोलिसाने मला बेटा म्हटलं होतं. त्याने चेन उघडली असती तर मी काय सांगितलं असतं? मुलीची गाडी तपासणार नाहीत, हे ठरवूनच त्याने टपरीपाशी मला हात केला होता, हे तेव्हा लक्षात आलं. मी कव्हर दिवाणात गोधड्यांच्या खाली घातलं. दिवाणावर बसवेना, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेरच्या जाळीच्या दाराला कडी घातली आणि वर कुलूपही लावलं.

संध्याकाळी येतो म्हणाला होता, पण तासाभरातच आला. जाळीपलीकडे उभा राहून म्हणाला, "दे ना."

"कशाला हवेत?"

मी चेन उघडली हे त्याला कळलं. त्याने गल्लीत मागे वळून पाहिलं.

"हळू बोल. माझे नाहीयेत. मला फक्त ठेवायला दिले होते."

"टेप कुणी लावली?"

तो एकदम बोलायला लागला. आमच्या शाळेतला, मागच्या गल्लीत राहणारा एक मुलगा होता. त्याने त्या बॅनरवाल्या भाऊच्या रीलखाली काहीतरी लिहिलं होतं. काय, तर 'घरी आईला विचारून आलास का'. एवढंच. बाकीच्यांनी त्यावर हसण्याच्या इमोजी टाकल्या.

"मारायचं नाहीये. फक्त घाबरवायचंय."

"मी देणार नाही."

"अगं, ते मेनरोडला थांबलेत. रिकाम्या हाताने गेलो तर मला सोडणार नाहीत." त्याने दोन्ही हातांनी जाळी धरली होती. बोटं पांढरी पडली होती. "तुला मी काही करणार नाही. पण कुठे ठेवलेत विचारलं तर मला हे घर दाखवावं लागेल. समजून घे ना."

तो हे विनवण्या करत म्हणत होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. नंतर सगळे मला म्हणाले की तू धीराची. मी धीराची नव्हते. किल्ली माझ्या मुठीत होती आणि हात वर उचलवत नव्हता. उचलला असता तर मी दार उघडून कव्हर त्याच्या हातात दिलं असतं आणि आत जाऊन टीव्ही लावला असता.

तेवढ्यात पप्पांची गाडी गल्लीत शिरली. तो पळेल असं मला वाटलं. पळाला नाही. पप्पांनी एकदा त्याच्याकडे, एकदा कुलपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय झालं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि रडू फुटलं. मग कुलूप काढून दोघांना आत घेतलं, दिवाण उघडला आणि पप्पांना दाखवलं.

पप्पा कंपनीत प्रेस मशीनवर आहेत. त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धंच आहे, आणि ते कसं गेलं हे ते हसत सांगतात. त्या दिवशी ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. त्यांचा चेहरा पाहून माझं रडं थांबलं. पप्पांना घाबरलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी म्हणाले, "नदीत टाकून येतो. कुणाला काही कळायला नको. आपल्या घरात मुलगी आहे." मग त्याला म्हणाले, "तू घरी जा, आणि उद्याच्या उद्या मामाकडे निघून जा."

मला हायसं वाटलं, हे कबूल करते. पण भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं. काकू दारात आल्या. शनिवारी त्यांना अर्धा दिवस असतो. एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्या नटबोल्टच्या पॅकिंगला बसतात. पीठ लागलेले हात तसेच होते. त्यांनी कव्हरकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"कोनावर चालवनार व्हता?"

तो खाली बघत राहिला.

"मी काय इचारते?"

त्याने त्या मुलाचं नाव सांगितलं. काकू हळूच उंबऱ्यावर बसल्या.

"त्याची आई माझ्या शेजारी बसती रे. डबा एकत्र खातो आम्ही."

पप्पा म्हणाले, "वहिनी, मी हे टाकून येतो. पोलिसात गेलो तर पोराच्या नावाने केस होईल. आयुष्य जाईल त्याचं."

"आन तुम्ही टाकलं तर ते दुसरं आनतील, भाऊ. मग त्या पोराचं काय?" त्या उठल्या, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले. "उचल ते," मुलाला म्हणाल्या. "तूच उचल. मी हाय संगं."

आम्ही चौघं रिक्षाने गेलो. कव्हर त्याच्या मांडीवर आडवं होतं. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं मॅच होती?"

पोलीस ठाण्यात एका बाई कॉन्स्टेबलने मला तीच हकीकत तीन वेळा विचारली. तिसऱ्या वेळी मला माझाच संशय यायला लागला. मी खरंच चेन आधी उघडली नव्हती ना? शेजारच्या खोलीत तो साध्या कपड्यातल्या एका साहेबांसमोर बसला होता. साहेबांनी वय विचारलं. "सोळा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

मेनरोडला थांबलेल्यांपैकी दोघं त्याच दिवशी सापडले, तेही आमच्याच वयाचे. बॅनरवाला भाऊ दोन दिवसांनी सापडला. मागच्या गल्लीतल्या मुलाला कुणी हात लावला नाही. तिन्ही पोरांना निरीक्षणगृहात ठेवलं, मग बाल न्याय मंडळासमोर तारखा सुरू झाल्या. काही आठवड्यांनी त्याला काकूंच्या ताब्यात दिलं आणि काकूंनी त्याला दिंडोरीला मामांकडे पाठवलं. वर्कशॉपमधली ती शेजारीण आता दुसऱ्या टेबलावर बसते. भांडण झालेलं नाही. नुसती दुसऱ्या टेबलावर बसते.

भाऊ काही महिन्यांत जामिनावर बाहेर आला. एकदा मी गेटपाशी होते, तर त्याची गाडी हळू झाली. "काय ताई, बरं आहे ना सगळं?" एवढं म्हणून गेला. यात तक्रार करण्यासारखं काहीच नाही. पण तेव्हापासून पप्पा मला क्लासला सोडतात, आणि मागून गाडीचा वेग कमी झाला की माझे खांदे आपोआप आखडतात.

कॉलेजात एक अधिकारी तरुणांमधल्या गुन्हेगारीवर बोलायला आले होते. वाईट संगत टाळा, म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात आलं, माझी तर चांगली संगत तोच होता. गुन्हा करणारी मुलं वेगळी असतात, त्यांचे चेहरे वेगळे असतात, असं मला वाटायचं. ते मनातून गेलं, आणि ते गेल्यापासून भीती जास्त आहे. आता वर्गातल्या कुठल्याही मुलाने दप्तर बाजूला सरकव म्हटलं तरी मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते.

या हिवाळ्यात काकूंबरोबर मी दिंडोरीला गेले. तो मामांच्या द्राक्षबागेत घडांतल्या जादा मण्यांची विरळणी करत होता, हातात छोटी कात्री. बारावीचा फॉर्म बाहेरून भरलाय म्हणाला. उन्हाने काळा पडला होता, बारीकही झाला होता. काकू मामींशी बोलायला आत गेल्या. आम्ही बागेच्या कडेला पाण्याच्या टाकीपाशी बसलो. त्याने मला सॉरी म्हटलं, मी 'असू दे' म्हटलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या दिवशी तू दार उघडलं असतंस, तर मी त्याला मारलं असतं का?"

मी त्याला लहानपणापासून ओळखते. 'छे, तू कसला मारतोस' असं म्हणणं सोपं होतं, आणि त्याला तेच ऐकायचं होतं. पण जाळी धरलेली ती बोटं मी पाहिली होती.

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. "मलापण नाही. झोपताना रोज तिथपर्यंत जातो आणि पुढचं दिसतच नाही."

मामींनी चहाला हाक मारली. त्याने कात्री मिटून खिशात ठेवली आणि आम्ही घराकडे निघालो.