पाण्यावर तरंगणारी आयबुप्रोफेनची पावडर

मित्रांनो, सायकलच्या चाकावर बाटल्या हलवायचं यंत्र, वीतभर रुंदीची चाळणी आणि लाकडी मापं. १९९२ साली आदिलाबादच्या एका मेडिकलमध्ये कामाला असताना हे सगळं मी स्वतःच्या हातानं बनवलं.

आज आदिलाबादजवळच्या मावला गावच्या शाळेत सुधाकरचं व्याख्यान ऐकलं. मेडिकलमध्ये तो माझ्या हाताखाली बाटल्या धुवायचा, आता फार्मसी कॉलेजात शिकवतो.

त्यानं आयबुप्रोफेनची पावडर पाण्यात टाकली. ती वरच तरंगत राहिली. मग तीच पावडर ग्लिसरीनमध्ये खलून, पाणी घालून हलवली. एकसारखं दुधाळ औषध तयार!

"विरघळलेली नाही, फक्त भिजून पसरली आहे," तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

ही रीत मी शिकवलेली. ग्लिसरीनही त्यानं चार थेंब जास्तच टाकलं.

बायको कुजबुजली, "काऊन जळून राह्यले जी? तुमीच शिकवलं ना त्याले?"

जळत होतोच. तुम्ही नसता जळला?

फार्मसीच्या डिप्लोम्यासाठी मेडिकलच्या मालकांनी आधी मलाच विचारलं होतं. "मला येतं ते कॉलेजवाले काय शिकवणार?" म्हणत मीच नकार दिला, मग सुधाकर गेला. सगळी फी मालक भरणार होते, आठ हजार रुपये.