काट्याची पावती

हिरामण म्हात्रे दोन दिवस एकच प्रोग्राम चालवून पाहत होता. थळच्या गोदामातल्या जुन्या सर्व्हरवर एकवीस वर्षांपूर्वी त्यानेच तो लिहिला होता. ट्रकचा नंबर द्यायचा, वजनाची पावती घ्यायची. त्याचे बाकीचे प्रोग्राम कंपनीने केव्हाच बदलले होते. हा एक उरला होता. त्याच्या स्क्रीनवरून पावती बिनचूक येई. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातली मंडळी नव्या ॲपमधून, डेटाबेस कनेक्शनने तोच प्रोग्राम बोलवत, तेव्हा मात्र ‘फाइल सापडली नाही’ एवढंच उत्तर मिळे.

“सर, आज चारपर्यंत नाही जमलं तर आम्ही तो नव्याने लिहून घेऊ,” त्या मंडळींतली प्रणाली नावाची तरुणी फोनवर म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

सर्व्हरच्या खोलीत आता तो एकटाच बसे. टेबलं राहिली होती, माणसं पनवेलच्या ऑफिसात गेली होती. डब्यातली भाकरी तशीच ठेवून तो या वेळी स्वतःचं लॉगिन न वापरता पुण्याच्या कनेक्शनने आत शिरला. पावती आली नाही.

तेव्हा उलगडलं. स्क्रीनवर लॉगिन करताच एक छोटा प्रोग्राम आपोआप चाले आणि फाइली सर्व्हरवरच्या कुठल्या कप्प्यांत, म्हणजे लायब्रऱ्यांत, शोधायच्या, त्याची यादी मांडून ठेवी. रोजचंच असल्याने ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. कनेक्शनवरून येणाऱ्याला ती यादी कुणी देतच नव्हतं.

यादी मांडणारी प्रोसीजर त्याने तासाभरात लिहिली आणि पुण्याला फोन लावला. “प्रणालीबाई, दर वेळी आधी हिला बोलवा, मग पावतीच्या प्रोग्रामला. पण कनेक्शन तेच हवं, यादी त्याच्यापुरतीच टिकते. दुसरं घेतलंत तर परत तेच रडगाणं.”

साडेतीनला वजनकाट्यावरून काळूरामचा फोन आला. “दादा, आली रं पावती. मना वाटला, तुजा खोका आज गेला.”

“खोका न्हाय, मीच जानार व्हतो.”

“मंग चा पाज आता.”

प्रोग्राम वाचला होता. सवयीने हिरामणने सर्व्हरवर आत्ता कोण काम करतंय त्याची यादी उघडली. पूर्वी तिथे काळूराम, गेटवरची वेणूबाई, गोदामातला सदा अशी नावं दिसत. कोण जेवायला उठलं, तेही त्याला इथूनच कळे. आता सगळे नव्या ॲपमधून, कनेक्शनच्या एकाच सामाईक नावाने येत होते. सतरा ओळींत तेच नाव. वेगळं नाव एकच होतं, त्याचं स्वतःचं.

सुट्टीचा भोंगा झाला तरी त्याने लॉगआउट केलं नाही.