स्टेफा हॅरिचुकची गाठ

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या अल्डर क्रीक गावात स्टेफा हॅरिचुकचं नाव निघालं की लोक आधी हसायचे आणि मग तिची तारीफ करायचे. शाळेची बस चालवणारी, साठी ओलांडलेली, उंचीनं बेताची आणि आवाजानं दांडगी बाई. हिवाळ्यात तिचा सगळा जीव कर्लिंग क्लबात अडकलेला. बर्फावरून जड दगड सरकवायचा, त्याच्यापुढे झाडू घासत धावायचं आणि तो नेमका वर्तुळात नेऊन बसवायचा, एवढाच तो खेळ. पण त्यावरून इथे सोयरिकी जमतात आणि मोडतातही. क्लबातल्या सामन्यांना पंच नसतो. चालत्या दगडाला आपला झाडू लागला तर तो दगड बाद, आणि ते आपणच हात वर करून सांगायचं. दुसऱ्यानं बोट दाखवणं म्हणजे असभ्यपणाची कमाल. आणि खेळ संपला की दोन्ही संघांनी एका टेबलाशी बसायचं, जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचं.

स्टेफा या बाबतीत भलतीच कडक. झाडूचा केस लागल्याचा नुसता संशय आला तरी तिचा हात वर. तिच्या संघाची कप्तान आणि शाळेपासूनची मैत्रीण लॉर्ना पेतुर्सन वैतागून म्हणायची, "अगं बाई, दगडालासुद्धा कळलं नसेल तुझा झाडू लागलेला."

त्या फेब्रुवारीत क्लबाची अंतिम लढत रविवारी सकाळी आली. समोर ग्लेन मॅक्रेचा संघ. स्टेफा चर्चमधून थेट बर्फावर आलेली, तीही उपाशीपोटी. प्रसाद घेण्याआधी तोंडात काही घालायचं नाही ही आईची रीत तिनं कधी मोडली नव्हती. लॉर्नाच्या संघाचा शेवटचा दगड येत होता आणि स्टेफा त्याच्यापुढे झाडू घासत होती. तेवढ्यात झाडू दगडावर आपटला. खट्कन आवाज झाला, दगड जरासा वळला आणि अगदी मधोमध जाऊन बसला. सगळे स्टेफाच्या हाताकडे बघत राहिले. हात काही वर गेला नाही. ती नुसती उभी होती, कुणाच्या तरी लग्नात आल्यासारखी हसत.

चषक लॉर्नाच्या संघाला मिळाला. ग्लेननं रिवाजाप्रमाणे हात मिळवला, जॅकेट चढवलं आणि आपल्या माणसांना घेऊन तो निघून गेला. टेबल रिकामं राहिलं.

त्यानंतर गावानं जे केलं ते गावं नेहमीच करतात. तोंडावर कुणी चकार शब्द काढला नाही आणि कॉफीच्या टेबलावर दुसरा विषय चालला नाही. सकाळी सकाळीच पिऊन आली होती म्हणे. चषकासाठी माणूस काय करेल सांगता येत नाही म्हणे. एकानंही तिला विचारलं नाही की बाई, तुला बरं आहे ना? विचारणं म्हणजे बोट दाखवणं, आणि सभ्यपणा तर आमच्या अंगात मुरलेला. या सभ्यपणापायी एक दिवस ती मेली असती, हे मी स्पष्टच सांगतो.

कारण स्टेफाला तो शेवटचा दगड आठवतच नव्हता. आणि त्या हिवाळ्यात असं काही पहिल्यांदा घडत नव्हतं. सकाळी उठताना अंग घामानं चिंब, जीभ जड. एकदा दुधाचा जग कपड्यांच्या कपाटात सापडला. गोड काही पोटात गेलं की डोकं ताळ्यावर यायचं, म्हणून ती उठल्याउठल्या डोनट खायची आणि मगच बसच्या किल्ल्या हातात घ्यायची. तिला वाटायचं, म्हातारपणी गोडाचं वेड लागलंय. खरं काय वाटायचं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिची आई वृद्धाश्रमात स्वतःचं नावसुद्धा विसरून गेली होती. आता आपली पाळी आली, हे स्टेफानं मनाशी धरलं होतं आणि त्या भीतीनं ती आतून पोखरली होती.

आठवडाभर फुगून बसलेली लॉर्ना अखेर तिच्या स्वयंपाकघरात येऊन भडकली.

"तुझा झाडू लागला होता, स्टेफा. मी बघितलं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मी का बोलू? झाडू तुझा, बोलायचं तू."

स्टेफा खुर्चीत बसली. "मला काही आठवतच नाही गं. आईसारखंच होणार माझं."

लॉर्नाचा राग तिथेच विरला. इतकी वर्षं ओळखतो या बाईला आणि आपण तिला लबाड समजलो, याची तिला लाज वाटली. "कोट घाल," ती म्हणाली. "रडायचंय ते गाडीत रड. डॉक्टरकडे जायचंय."

गावच्या दवाखान्यातले डॉक्टर ओबिओरा मूळचे नायजेरियाचे, पण इथे रुजलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही न खाता यायला सांगितलं. लॉर्ना तिला घेऊन आली तेव्हा स्टेफा तिला आईच्या नावानं हाक मारत होती. रक्तातली साखर इतकी खाली गेली होती की डॉक्टरांनी बोलणं अर्धवट सोडून आधी ग्लुकोज टोचलं. जराशानं स्टेफा माणसात आली.

"घरात इन्सुलिन आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. "तुमच्या नवऱ्याला मधुमेह होता."

"म्हणजे मी चोरून टोचून घेते? आधी बेवडी, मग लबाड, आता हे. अजून काही उरलंय का?"

"मला विचारावंच लागतं, स्टेफा. रागवा, पण उत्तर द्या. आणि बसच्या किल्ल्या इथे ठेवा."

किल्ल्या तिनं मुकाट्यानं दिल्या. बसमधल्या मुलांचा विचार मनात येऊन ती हादरली होती.

रक्ताचा अहवाल आला आणि डॉक्टर चक्रावले. साखर तळाला आणि इन्सुलिनही जवळजवळ नाहीच. म्हणजे ती टोचून घेत नव्हती आणि तिचं शरीरही ते जादा बनवत नव्हतं. मग साखर खातंय कोण? त्यांनी तिचे हात उजेडात धरले. बोटांची टोकं फुगलेली, नखं बाकदार. अशी बोटं पाहिली की डॉक्टर छातीकडे वळतात. त्यांनी पाठीला नळी लावली, तर उजवीकडे खाली श्वासाचा आवाजच नव्हता. छातीचा एक्स-रे काढला. फासळ्यांच्या आत कोबीच्या गड्ड्याएवढं पांढरं काहीतरी बसलेलं होतं.

विनिपेग शहरातल्या मोठ्या रुग्णालयात तिला ग्लुकोजच्या बाटलीला जोडून ठेवलं. सुईनं गाठीचा तुकडा काढला आणि प्रयोगशाळेत खास रंग देऊन तपासला. मग डॉ. लाव्हॅले नावाच्या सर्जनबाई पलंगाच्या कडेला येऊन बसल्या.

"एकांडी तंतुमय गाठ म्हणतात हिला. फुप्फुसावरच्या पातळ आवरणातून वाढते. दुर्मीळ असते, आणि तुमची तर त्यातलीही दुर्मीळ. इन्सुलिनसारखं काम करणारा पदार्थ ती स्वतःच बनवते आणि तुमची साखर फस्त करते. मी अख्ख्या नोकरीत अशी एकच पाहिलीय."

"निघेल?"

"आकार मोठा आहे, रक्तही भरपूर जातंय तिला. पूर्ण निघाली तर साखर आपोआप ताळ्यावर येईल. थोडी जरी राहिली तर पुन्हा वाढेल."

स्टेफाच्या मनात वेगळंच होतं. "म्हणजे माझं डोकं गेलेलं नाही?"

"डोकं ठणठणीत आहे. ते उपाशी होतं."

यावर स्टेफा रडली आणि रडतारडता हसली. गाठ आहे म्हटल्यावर इतकं खूश झालेलं माणूस लॉर्नानं जन्मात पाहिलं नव्हतं.

फासळ्यांमधून छाती उघडली तेव्हा गाठ फुप्फुसाला देठानं लटकलेली दिसली. डॉ. लाव्हॅलेंनी तिच्या रक्तवाहिन्या एकेक करून बांधल्या आणि देठाबरोबर फुप्फुसाची कडाही थोडी कापून घेतली, मागे काही राहायला नको म्हणून. भूल देणारा डॉक्टर सारखी साखर मोजत होता. शेवटची वाहिनी बांधली आणि थोड्याच वेळात, बाटली हळू केली असतानाही, आकडा वर चढायला लागला. सगळं दालन त्या आकड्याकडे बघत हसत होतं, असं डॉ. लाव्हॅलेंनी नंतर स्वतः सांगितलं. गाठ अख्खी निघाली होती, कडा स्वच्छ होत्या. दरवर्षी तपासणी करत राहायची, एवढंच आता मागे उरलं होतं.

बाटली काढल्यावरची पहिली सकाळ. रात्रभर पोटात काही नाही. स्टेफा आपणहून जागी झाली, कोरडी, घाम नाही. नर्सनं बोट टोचलं. साखर तुमच्याआमच्यासारखी. स्टेफानं न विचारता आपलं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, खुर्चीत घोरणाऱ्या लॉर्नाचंही सांगितलं आणि वर तिला हाक मारून उठवलं. "लॉर्ना, फोन दे. ग्लेनला लाव."

"आत्ता? अगं, टाके ओले आहेत तुझे."

"लाव म्हणते ना."

ग्लेन फोनवर आला तो चाचरतच. आजाराचं गावभर झालं होतं. "स्टेफा, मी तुझ्याबद्दल काय काय बोललो, आता कुठल्या तोंडानं…"

"ते राहू दे. आधी ऐक. तो शेवटचा दगड मला आठवत नाही, पण लॉर्नानं पाहिलंय. माझा झाडू लागला होता." डावा हात फोनला होता. तिनं कळ सोसून उजवा हात उचलला, खांद्याच्या वर जाईल तितका. "हात वर केलाय मी. लॉर्ना साक्षीला आहे. चषक तुमचा."

पलीकडे ग्लेननं नाक ओढलं.

"म्हणजे तुम्ही हरलात."

"हरलो."

"मग पाजायचं आमच्याकडे लागलं," ग्लेन म्हणाला. "लवकर घरी ये. टेबल धरून ठेवतो."